पाठीवरचं नाव

"पड," किरण म्हणाली.

दर्शना पडली नाही. चार चाकांच्या बुटांवर गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि खालच्या काँक्रीटकडे बघत राहिली.

"अगं, पड ना यार. मुद्दाम पड."

"मुद्दाम कसं पडायचं?"

"खाली बसतेस तसं. आधी एक गुडघा, मग दुसरा. हात छातीशी, मुठी बंद. बोटं पसरलीस तर मागून येणारी बोटांवरून जाईल. पडायचं, आणि मी तीन म्हणायच्या आत उभं राहायचं. हात न टेकता."

एकोणचाळीस वर्षांच्या बाईला आयुष्यभर सगळ्यांनी न पडण्याचंच शिकवलेलं असतं. जिन्यावर सांभाळ, बसमधून उतरताना सांभाळ, लोक बघतायत, सांभाळ. त्या सगळ्या सांभाळण्याचं वजन गुडघ्यात घेऊन दर्शना शेवटी धाडकन खाली आली. हात टेकले ते टेकलेच. किरण सातापर्यंत मोजून थांबली.

"मेलीस. पुन्हा."

त्या रविवारी दर्शना बावीस वेळा पडली. घरी जाताना मांडी निळी झाली होती आणि ती स्वतःशीच हसत होती.

मुलुंडमधल्या तिच्या सोसायटीच्या मागे काँक्रीटचं मैदान होतं. नवरात्रात तिथे गरबा व्हायचा आणि एरवी गाद्या वाळत पडायच्या. गेल्या वर्षीपासून दर रविवारी सकाळी तिथे बायका येऊ लागल्या. दोरी टाकून लंबगोल मार्ग आखायच्या, हेल्मेट चढवायच्या आणि दोन तास एकमेकींना धडका द्यायच्या. रोलर डर्बी, असं त्या खेळाचं नाव. यांच्या संघाला बाहेर काय म्हणत असतील ते असो, आपसात त्या त्याला 'मंडळ' म्हणत, आणि ते चालायचंही गणपतीच्या मंडळासारखंच. पैसे कुणी मागायचं नाही, काम मात्र प्रत्येकीने करायचं. कुणी दोरी आखायची, कुणी पाण्याचे कॅन आणायचे, कुणी घामाने कुबट झालेले गुडघ्यांचे पॅड घरी नेऊन धुवायचे. दर्शनाने दोन महिने हे सगळं चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्या पाहण्यात तीनदा फोडणी करपली. तिसऱ्यांदा करपली तेव्हा तिने गॅस बंद केला आणि ती खाली उतरली.

पहिल्या दिवशी तिने एक चूक केली. मध्य उजव्या हाताला ठेवून ती गोलात निघाली आणि समोरून येणाऱ्या चौघींच्या अंगावर जाऊन आदळली.

"पहिल्या दिवशी सगळ्या असंच करतात," किरण तिला उठवत म्हणाली. "प्रदक्षिणेची सवय. इथे उलटं फिरायचं."

उलटं फिरायचं, हे दर्शनाला फार आवडलं. का ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

खेळ तसा सरळ होता. दोन्ही संघांच्या चार चार बायका घोळक्याने फिरतात आणि प्रत्येक संघाची एक बाई हेल्मेटवर चांदणी लावून मागून येते. चांदणीवालीने समोरच्या संघाची भिंत फोडून पुढे जायचं, मग पुन्हा फेरी मारून यायचं आणि या वेळी जितक्या जणींना मागे टाकेल तितके गुण. खांदा चालतो, कंबर चालते. हात नि कोपर चालत नाही. किरण दिवसा एका डेंटिस्टकडे मदतनीस होती, रविवारी तिच्या पाठीवर 'कर्फ्यू' असं लिहिलेलं असायचं. प्रियंका शाळेत गणित शिकवायची, तिच्या पाठीवर 'जेसीबी'. सगळ्यात थोराड नीला 'गतिरोधक' होती. हे मात्र डर्बीत जगभर चालतं म्हणे, की खेळणारीने आपलं नाव आपणच ठेवायचं, आणि एकदा मार्गावर उतरलं की हाक मारायची ती त्याच नावाने.

पाच मिनिटांत सत्तावीस फेऱ्या आणि तीनच्या आत उठणं, ही परीक्षा दर्शना डिसेंबरात पास झाली. किरणने तिच्या हातात काळी कोरी जर्सी दिली.

"नंबर?"

"चौदा," दर्शना लगेच म्हणाली.

"नाव?"

दर्शनाने जर्सीच्या कोऱ्या पाठीवरून बोट फिरवलं.

"शोध. बोरिवलीची टीम एकोणीस जानेवारीला येतेय. नावाशिवाय मी कुणाला उतरवत नाही. आणि घरातलं एक माणूस ड्यूटीला दे, नियम आहे आपला."

घरातलं माणूस म्हणजे निलेश. नवऱ्याचा आवाज चांगला, बँकेच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करायचा, म्हणून त्याला माइक मिळाला. तो खूशच झाला. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मटार सोलता सोलता तो नावं सुचवत बसला.

"बिजली ठेव."

"बिजली नको."

"मग नागीण? झकास आहे की. मी असं म्हणेन, आणि आता येतेय, चौदा नंबर..."

"माझंच नाव लिहावं म्हणते."

"दर्शना? त्यात काय दम आहे?"

"सोनकांबळे."

निलेशच्या बोटांतली शेंग उघडली होती. दाणे त्याने ताटलीत न टाकता परत शेंगेतच दाबून बसवले.

"तिथे सगळ्या खोटं नाव घेतात ना? त्यासाठीच आहे ना ते? मग तूही घे एखादं."

"खोटं आहे की माझ्याकडे. बारा वर्षं वापरतेय."

दारावरच्या पाटीवर 'औरादकर' असं होतं. बारा वर्षांपूर्वी दोघं घर शोधत होते तेव्हा निलेश कांबळे होता. पसंत पडलेले तीन फ्लॅट, तिन्ही वेळा आडनाव सांगितल्यावर कळलं की फ्लॅट कालच गेला. मग निलेशने गावाचं नाव लावून घेतलं, गॅझेटमध्ये छापून आणलं, आणि चौथा फ्लॅट मिळाला. दर्शनाने कागदांवर सही केली होती. तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती. तीही थकली होती, आणि मुलीला, गंधालीला, शाळेत घालायचं होतं. हे ती स्वतःपासून कधी लपवत नसे.

जे ती लपवत होती ते वेगळंच होतं. चार वर्षांपूर्वी तिचे वडील, आप्पा, देवनारहून आले आणि गेटवरच्या रजिस्टरात त्यांनी 'राजाराम सोनकांबळे' असं टपोऱ्या अक्षरात लिहिलं. दोन दिवसांनी सेक्रेटरींच्या मिसेस, प्रेमाताई, लिफ्टमध्ये गोड हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे सोनकांबळे कोण आले होते?" त्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. विसरले असतील, असं निलेश म्हणाला. आणि दर्शनाने, निलेशने नव्हे, दर्शनाने स्वतः आप्पांना फोन केला. "गेटवर नुसतं राजाराम लिहीत जा, आप्पा." पलीकडून "बरं," एवढंच. त्यानंतर आप्पा चार वर्षांत तीनदा आले.

आणि ही बाई काम काय करायची, तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त घ्यायची. तिथला पहिला नियम असा की नाव आपण वाचून दाखवायचं नाही, समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. दिवसातून चाळीस वेळा ती दंडाला पट्टा बांधता बांधता म्हणायची, "पूर्ण नाव सांगा." लोक सांगायचे. बारक्या आवाजात, तोऱ्यात, खोकत, पण पूर्ण सांगायचे. गेले काही महिने ते ऐकताना तिला आपलीच लाज वाटू लागली होती.

"मी वाचणार नाही ते," मटारांची ताटली बाजूला सारत निलेश म्हणाला. तो चिडला नव्हता, त्याचा आवाज घाबरल्यासारखा झाला होता. "सोसायटीच्या खिडक्यांखाली, माइकवर. गंधाली इथेच वाढतेय, दर्शना."

"नको वाचूस."

"ऐक ना..."

"तू नको वाचूस म्हटलं ना. मी लिहिणार आहे."

दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर ती जर्सी घेऊन देवनारला गेली. आप्पा बस डेपोत फिटर होते, पण वस्तीत त्यांची ओळख अक्षरवाले म्हणून. जयंतीचे फलक, लग्नाच्या कमानी, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांच्या हातचं. पिवळं अक्षर आणि त्याला निळी सावली, ही त्यांची खूण. आता हात थरथरायचा म्हणून ब्रश माळ्यावर गेले होते.

त्यांनी जर्सी उलटसुलट करून पाहिली. "हे काय घालतेस गं माय?"

"खेळायला. पाठीवर नाव काढून द्या."

"कुठलं?"

त्या एका शब्दात चार वर्षं होती. दर्शनाला त्यांच्याकडे बघवेना.

"आपलं," ती म्हणाली.

आप्पा स्टुलावर चढायला निघाले, तिने त्यांना बसवून स्वतः ब्रश काढले. जर्सी पाटावर ताणून, कडेला खिळे मारून त्यांनी खडूने रेघ आखली आणि सुरुवात केली. 'सो' ठीक आला, 'न' ठीक आला, 'कां' आणि 'ब' जमले, पण 'ळे'ला येईपर्यंत मनगट दमलं आणि ळ डावीकडे कलला.

"च्यायला. पुसतो, थांब."

"राहू द्या."

"वाकडा दिसतोय ना."

"दिसू दे. आप्पा, एकोणीसला बघायला या."

आप्पांनी ब्रश रॉकेलात बुडवला आणि बराच वेळ ढवळत राहिले. "येईन," ते म्हणाले. "गेटवर लिहितो मी, तू सांगितलंस तसं."

दर्शना तेव्हाच काही म्हणाली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ती ओल्या अक्षरांवर फुंकर घालत बसली आणि वेळ निघून गेली.

एकोणीस तारखेला दुपारी चारला मैदान भरलं. कडेने प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत सेक्रेटरी आणि प्रेमाताई, वर प्रत्येक खिडकीत दोन दोन डोकी. आप्पा शेवटच्या रांगेत, पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. ते कधी आत आले ते दर्शनाला दिसलंच नव्हतं. तिने जर्सीवरून जॅकेट घातलं होतं आणि त्याची चेन वरपर्यंत ओढली होती.

रीत अशी होती की नाव पुकारलं की खेळाडूने एक फेरी मारायची आणि प्रेक्षकांकडे पाठ करून थांबायचं. निलेशचा आवाज खणखणीत लागला होता. "नऊ नंबर, कर्फ्यू!" किरण फिरून आली. "सत्तावीस नंबर, जेसीबी!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. 'गतिरोधक'ला तर शिट्ट्या पडल्या.

मग माइकमध्ये नुसती खरखर ऐकू आली.

"चौदा नंबर," निलेश म्हणाला. थांबला. "दर्शना."

दर्शनाने जॅकेट काढून बाकावर टाकलं. ती निघाली, पूर्ण फेरी मारली, आणि बरोबर प्रेमाताईंच्या खुर्चीसमोर येऊन तिने पाठ फिरवली. टाळ्या सुरू झाल्या त्या मध्येच विरळ झाल्या. बाकीच्या मुली दोन सेकंद थांबल्या होत्या. ती थांबली ती थांबलीच. मानेवर घाम होता, आणि तरी तिला वाटलं, वाचा. सावकाश वाचा. मला घाई नाही. पंचाने शिट्टी वाजवली तेव्हाच ती हलली.

निलेशकडे तिने पाहिलं नाही.

बोरिवलीच्या मुली दणकट होत्या. पहिल्या अर्ध्यातच मंडळाची वाट लागली. दुसऱ्या अर्ध्यात किरणने चांदणीचं टोपडं दर्शनाच्या हेल्मेटवर चढवलं.

"मी?"

"तू. तुला भिंतीत घालून काही उपयोग नाही, माशासारखी निसटतेस."

शिट्टी झाली. दर्शना भिंतीवर आपटली, मागे फेकली गेली, पुन्हा आपटली. माइकवर निलेश 'चौदा नंबर, चौदा नंबर' करत होता. पण मार्गावर हाक मारायची ती पाठीवरच्या नावाने, आणि मंडळात तो नियम मोडायची कुणाची टाप नव्हती.

"सोनकांबळे, आतून! आतून जागा आहे!" किरण ओरडली.

ती आतून घुसली. कुणाची तरी कंबर तिच्या बरगडीत बसली आणि ती उडून खाली आली. एक गुडघा, मग दुसरा. मुठी छातीशी.

"सोनकांबळे, ऊठ!" ही प्रियंका. वर्गात ओरडायची सवय असलेला आवाज, सातव्या मजल्यापर्यंत गेला असेल. "एक..."

"सोनकांबळे, ऊठ गं!" ही नीला.

बाकावरच्या बदली मुलींनीही ते उचललं. माइकपेक्षा त्यांचा आवाज मोठा होता. ज्या आवारात हे नाव बारा वर्षांत फक्त एकदा, तेही लिफ्टमध्ये, गोड हसून घेतलं गेलं होतं, तिथे ते आता आठ-दहा बायका बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यांची खेळाडू पडली होती आणि ती उठायला हवी होती.

'दोन'ला दर्शना उभी होती. ती भिंतीच्या आतल्या कडेने एका पायावर निसटली, मोकळ्या मार्गावर आली, फेरी मारून परत भिडली आणि या वेळी चौघींनाही मागे टाकून गेली. प्रेमाताई शेजारणीच्या कानात काहीतरी सांगत होत्या. दर्शनाला ते दिसलं, आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही याचंच तिला नवल वाटलं.

"चौदा नंबर, चार गुण," निलेश म्हणाला.

मंडळ एकतीस गुणांनी हरलं.

खुर्च्या उचलून, दोरी गुंडाळून दर्शना गेटपाशी आली तेव्हा उन्हं उतरली होती. नाड्या बांधून बूट तिने गळ्यात अडकवले होते आणि एका गुडघ्याचं कातडं सोललं होतं. आप्पा वॉचमनच्या टेबलाशी वाकून उभे होते, बाहेर पडायची वेळ लिहायला. निलेश त्यांची पिशवी धरून शेजारी उभा होता.

तिने आप्पांच्या खांद्यावरून रजिस्टर पाहिलं. नावाच्या रकान्यात 'राजाराम' होतं. टपोरं, सुबक, आणि पुढची अर्धी ओळ रिकामी. माणूस सांगितल्याप्रमाणे वागला होता.

"आप्पा," ती म्हणाली. लॅबमध्ये चाळीस वेळा निघतो तोच आवाज निघाला. "पूर्ण नाव."

आप्पांनी मान वर केली. त्यांनी तिच्याकडे नाही, आधी जावयाकडे पाहिलं. मग पेन टेकवलं. दोरीला बांधलेलं ते पेन दिवसभर लिहून संपलं होतं, कागदावर नुसता ओरखडा उठला. त्यांनी झटकून पाहिलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा ओरखडा.

"रहने दो, बाबूजी," वॉचमन चंद्रप्रकाश म्हणाला. "टाइम मैं लिख दूँगा."

आप्पा पेन खाली ठेवायला लागले.

निलेशने पिशवी डाव्या हातात घेतली. उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथे जरा थांबला. मग त्याने बँकेतलं आपलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि आप्पांसमोर धरलं.

आप्पांनी ते घेतलं आणि लिहायला सुरुवात केली. रकाना लहान होता, अक्षर मोठं होतं. 'कां' रेघेवर चढला, 'ब' फ्लॅट नंबरच्या रकान्यात गेला. चंद्रप्रकाश रजिस्टर स्वतःकडे थोडं वळवून बघू लागला.

"अरे, ये तो वही नाम है," तो म्हणाला. "चौदा नंबर वाली मॅडम का."

"मुलगी आहे माझी," आप्पा म्हणाले, मान वर न करता. ते शेवटच्या अक्षरावर आले होते. मनगट त्यांनी दुसऱ्या हाताने घट्ट धरलं होतं आणि तिघं जण त्यांच्यासाठी थांबले होते. ळ या वेळी सरळ आला.